कमरेच्या घेरात तयार होणारं इस्ट्रोजेन

मीटर आणि इंच ही भिवंडीची रोजची भाषा आहे. धामणकर नाक्यावरून कल्याण रोडला लागलं की कापडाचे ताके लादलेले टेम्पो एकामागून एक पुढे सरकताना दिसतात. जवळच्या पद्मानगरात तेलंगणातून आलेल्या विणकर कुटुंबांची वस्ती आहे. इथल्या दुकानदाराला ताक्यातलं कापड किती भरेल ते नजरेनं कळतं, आणि घरोघरी शिवणकाम करणाऱ्या बायका मापाची फीत गळ्यात घालूनच वावरतात. पण याच नाक्यावर पन्नाशीच्या दहा बायकांना स्वतःच्या कमरेचा घेर विचारला, तर आकडा सांगणारी एखादीच निघेल. वजन बहुतेकींना ठाऊक असतं, कारण दवाखान्यात काट्यावर उभं करतात. कंबर मोजायला मात्र कुणी सांगितलेलं नसतं.

ती मोजायला हवी. पाळी थांबल्यानंतर बाईच्या शरीरात इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक किती तयार होतं, याचा या घेराशी थेट संबंध आहे. स्तनाचे बहुसंख्य कर्करोग आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग याच इस्ट्रोजेनवर पोसले जातात. पोटावरची चरबी म्हणजे फक्त साठवलेलं तेल-तूप अशी समजूत अनेक वर्षं होती. गेल्या काही दशकांतल्या संशोधनानं ती पार मोडीत काढली. चरबी ही जिवंत, कामसू ऊती आहे. ती संप्रेरकं तयार करते, रक्तात रसायनं सोडते, आणि तिच्यात बारीक, न जाणवणारा दाह सुरू झाला की हे काम आणखी वाढवते.

इस्ट्रोजेन आणि स्तनाचा कर्करोग यांचं नातं ‘हार्मोन’ हा शब्द जन्माला येण्याआधीच लक्षात आलं होतं. १८९६ मध्ये ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक अनुभव प्रसिद्ध केला. स्तनाचा कर्करोग बराच पसरलेल्या एका तरुण रुग्ण स्त्रीचे अंडाशय त्यांनी काढून टाकले, आणि तिच्या गाठी विरत गेल्या. अंडाशयातून काहीतरी निघतं आणि ते गाठीला वाढवतं, एवढं त्यावरून स्पष्ट झालं. ते ‘काहीतरी’ म्हणजे इस्ट्रोजेन, हे पुढे कळलं.

मग एक कोडं उरलं. पाळी थांबली की अंडाशय इस्ट्रोजेन बनवणं जवळजवळ बंद करतात. तरीही इस्ट्रोजेनवर वाढणारे स्तनाचे कर्करोग पाळी गेल्यानंतरच्या वयात मोठ्या प्रमाणावर दिसतात. हे इस्ट्रोजेन येतं कुठून?

१९७०च्या दशकात त्याचं उत्तर स्पष्ट होत गेलं. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी आयुष्यभर थोड्या प्रमाणात अँड्रोजेन गटातली संप्रेरकं बनवत असतात. चरबीत ॲरोमाटेज नावाचं एक विकर असतं, ते या अँड्रोजेनचं रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये करतं. भिवंडीच्या मागावरून उतरणारं कापड बहुतेक वेळा कोरं, ‘ग्रे’च असतं, रंगाईसाठी ते पुढे प्रोसेस हाऊसला जातं. अँड्रोजेन हा तसा कोरा माल आहे, आणि चरबी हे त्याचं प्रोसेस हाऊस. चरबी जितकी जास्त, तितका जास्त माल इस्ट्रोजेन होऊन बाहेर पडतो. स्तन मुळातच चरबीनं भरलेला अवयव आहे. त्यामुळे तिथे तयार झालेलं इस्ट्रोजेन शेजारच्या दुग्धनलिकांच्या पेशींना जागच्या जागी मिळतं. म्हणूनच पाळी गेलेल्या बाईच्या रक्तात इस्ट्रोजेन नाममात्र असलं, तरी स्तनाच्या ऊतीत ते कित्येक पट अधिक आढळतं.

एवढ्यानं अर्धीच गोष्ट कळते. सारख्याच वजनाच्या दोन बायकांपैकी एकीच्या चरबीत ॲरोमाटेज जास्त आणि दुसरीच्या कमी का, याचा उलगडा दाहामुळे झाला.

मेदपेशी फुगू शकते, पण तिला मर्यादा असते. खाल्लेलं खर्च होत नाही तेव्हा ती फुगत जाते. इतकी फुगते की तिच्यापर्यंत पुरेसा प्राणवायू पोचेनासा होतो. काही पेशी मरतात. मेलेली पेशी साफ करायला रक्तातून मॅक्रोफेज या भक्षक पेशी येतात आणि तिच्याभोवती कडं करून बसतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे कडं मुकुटासारखं दिसतं, म्हणून शास्त्रज्ञांनी त्याला मुकुटसदृश रचना असंच नाव दिलं. लठ्ठपणात चरबीत मॅक्रोफेज मोठ्या संख्येनं जमतात, हे २००३ मध्ये दाखवलं गेलं. मुकुटांचं नीट वर्णन त्यानंतर दोन वर्षांत झालं.

हे मुकुट स्वस्थ बसत नाहीत. तिथल्या मॅक्रोफेज टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्यूकिन-१ बीटा यांसारखे दाहाचे निरोप पाठवतात. त्यांच्यामुळे प्रोस्टाग्लँडिन ई-२ वाढतं. हे प्रोस्टाग्लँडिन शेजारच्या पेशींमधलं ॲरोमाटेजचं जनुक अधिक जोमानं चालू करतं. म्हणजे दाह चरबीच्या हातात इस्ट्रोजेन बनवण्याचं आणखी मोठं अवजार देतो. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातले अँड्र्यू डॅनेनबर्ग आणि मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयातले क्लिफर्ड ह्यूडिस यांच्या गटानं २०११ मध्ये ही साखळी आधी उंदरांमध्ये आणि मग माणसांमध्ये दाखवली. शस्त्रक्रिया झालेल्या ३० स्त्रियांच्या स्तनाच्या ऊतींपैकी १४ मध्ये असे मुकुट सापडले. वजन जास्त तसे मुकुट जास्त आणि ॲरोमाटेजही जास्त, असा क्रम दिसला.

लठ्ठपणात आणखी दोन गोष्टी घडतात. रक्तातलं एक प्रथिन इस्ट्रोजेनला धरून ठेवतं आणि त्याला पेशींवर मोकाट काम करू देत नाही. इन्सुलिन वाढलं की यकृत हे प्रथिन कमी बनवतं. मग मोकळं इस्ट्रोजेन वाढतं. दुसरी गोष्ट म्हणजे इन्सुलिन स्वतःही पेशींना वाढीचा निरोप देतं. अनेक देशांतल्या अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून २००३ मध्ये एक मोठं विश्लेषण झालं. पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये वजनामुळे वाढणारा स्तनाच्या कर्करोगाचा धोका बहुतांशी या मोकळ्या इस्ट्रोजेननंच समजावता येतो, असं त्यातून निघालं.

अमेरिकेतल्या या संशोधनाचा आपल्याकडच्या बायकांशी संबंध काय, असं वाटणं स्वाभाविक आहे. आपल्याकडे तेवढी अंगानं भरलेली माणसं नसतात, असा समज आहे. इथेच पुण्यातलं काम उपयोगी पडतं, आणि ते खरं तर प्रत्येक मराठी घरात माहीत असायला हवं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहाचे डॉक्टर. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनचे त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच शेजारी-शेजारी काढलेला फोटो छापला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा, २२.३. दोघंही दिसायला सडपातळ. चरबी मोजली तेव्हा मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के चरबी निघाली आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. काट्यावर सारखी दिसणारी दोन शरीरं आतून इतकी वेगळी होती.

ही विषमता जन्मापासून असते, हेही याज्ञिकांच्याच गटानं दाखवलं. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बाळंतिणींचा त्यांनी अभ्यास केला. शेतात राबणाऱ्या या आयांच्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो होतं, तर तुलनेला घेतलेल्या इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पुण्याची बाळं जवळजवळ सगळ्याच मापांनी लहान होती. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. फक्त त्वचेखालची चरबी त्या प्रमाणात कमी नव्हती. ‘बारीक पण चरबीयुक्त’ असं या बाळांचं वर्णन २००३ मध्ये झालं. पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या आयांच्या पोटी ही मुलं अशी घडली असावीत, हा याज्ञिकांच्या मांडणीचा गाभा आहे. मोठेपणी हातात पैसा आला, वडापाव-फरसाण आणि बैठं काम आलं, की नवी चरबी जाते ती पोटाकडे.

आता ही दोन टोकं जोडून पाहावीत. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या त्याच गटानं बॉडी मास इंडेक्स सर्वसाधारण असलेल्या ७२ स्त्रियांच्या स्तनांच्या ऊती तपासल्या. त्यांच्यातल्या ३९ टक्क्यांमध्ये दाहाचे मुकुट होते, मेदपेशी फुगलेल्या होत्या आणि ॲरोमाटेज वाढलेलं होतं. दोन वर्षांनी याच गटातले नील अय्यंगार आणि त्यांचे सहकारी यांनी पाळी गेलेल्या आणि बॉडी मास इंडेक्स सर्वसाधारण असलेल्या ३,४६० अमेरिकी स्त्रियांची अनेक वर्षांची नोंद तपासली. ज्यांच्या धडावर सर्वाधिक चरबी होती, त्यांना इस्ट्रोजेनवर वाढणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाचा धोका सर्वांत कमी चरबीवाल्यांच्या सुमारे दुप्पट होता. आणि काट्याच्या हिशेबानं या सगळ्या बायका ‘ठीक’ होत्या.

म्हणजे अमेरिकेत जी स्त्री अपवाद वाटावी, ती महाराष्ट्रात सर्रास आढळते. धामणकर नाक्यावर भाजी घेणारी, साडीत बारीक दिसणारी, पण पदराआड पोट सुटलेली बाई ही याज्ञिकांच्या फोटोतलीच आहे.

याचा पडताळा परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात मिळाला. तिथले डॉ. राजेश दीक्षित, डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांचे सहकारी यांनी स्तनाचा कर्करोग झालेल्या सोळाशेच्या आसपास आणि न झालेल्या पंधराशेच्या आसपास स्त्रियांची तुलना करून २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले. कंबर आणि नितंबांच्या घेराचं गुणोत्तर जास्त असलेल्या स्त्रियांमध्ये धोका ठळकपणे वाढलेला दिसला. शिवाय तो पाळी चालू असलेल्या आणि थांबलेल्या, इस्ट्रोजेनवर वाढणाऱ्या आणि न वाढणाऱ्या, अशा सगळ्याच गटांत होता. पाश्चात्त्य देशांत तरुण वयातला लठ्ठपणा स्तनाचा कर्करोग उलट थोडा कमी करतो असं पुन्हापुन्हा दिसलं आहे, म्हणून टाटाचं हे निरीक्षण फार महत्त्वाचं. आपल्याकडच्या पोटाच्या चरबीला तरुणपणाची सवलत मिळत नाही, असा त्याचा सरळ अर्थ लावता येतो. इस्ट्रोजेनवर न वाढणाऱ्या गाठींतही धोका दिसला, त्यामुळे इन्सुलिन आणि दाह हे इस्ट्रोजेनशिवायही आपलं काम करतात, हेही लक्षात घ्यायला हवं.

शहराचा वाटा किती, हे महाराष्ट्रातल्या दोन नोंदवह्यांतून कळतं. मुंबईची कर्करोग नोंदणी इंडियन कॅन्सर सोसायटीनं १९६३ मध्ये सुरू केली. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची नोंदणी १९८७ पासूनची, ही देशातली पहिली ग्रामीण नोंदणी. बार्शीच्या नोंदीत अनेक वर्षं बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग सगळ्यांत पुढे होता. मुंबईत स्तनाच्या कर्करोगानं त्याला केव्हाच मागे टाकलं. उशिरा होणारी मुलं, कमी बाळंतपणं, अंगावर पाजण्याचा कमी काळ ही कारणं आहेतच. पोटाची चरबी त्यांच्या जोडीला आली. भिवंडी या दोहोंच्या मधली आहे. इथलं कुटुंब कधी गावाकडून, कधी दुसऱ्या राज्यातून आलेलं असतं, आणि एकाच पिढीत त्याचं जेवण आणि हालचाल दोन्ही बदलतात.

स्तनाच्या कर्करोगाची सगळी जबाबदारी लठ्ठपणावर टाकणं मात्र चुकीचं आणि क्रूरही ठरेल. भारतात २०२२ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्णांचा आणि सुमारे ९८ हजार मृत्यूंचा अंदाज जागतिक आकडेवारीत दिला आहे. यातल्या असंख्य बायका बारीक होत्या, राबणाऱ्या होत्या, काहींच्या घराण्यात आजार होता, काहींच्या बाबतीत कारण कधीच कळणार नाही. आजारी बाईला ‘तू खाण्यावर ताबा ठेवला नाहीस’ असं ऐकवणाऱ्या नातेवाइकाला या विषयातलं काही कळलेलं नसतं. गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाशी चरबीचं नातं तर स्तनापेक्षाही घट्ट आहे, आणि त्याबद्दल घरात कुणी बोलतही नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २०१६ मध्ये जास्तीच्या चरबीशी निगडित म्हणून १३ कर्करोग मोजले. त्यांत मोठं आतडं, यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड आणि मूत्रपिंड यांचेही आहेत. तेव्हा पुरुषांनी हा बायकांचा विषय समजू नये.

उपचारांत ही साखळी रोज वापरली जाते. पाळी गेलेल्या रुग्ण स्त्रीला शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षं किंवा अधिक काळ लेट्रोझोल किंवा ॲनास्ट्रोझोलची गोळी देतात, ती ॲरोमाटेजच बंद पाडते. टाटाच्या बाह्यरुग्ण विभागात रांगेत बसलेल्या, दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत मुक्कामाला असलेल्या कित्येक बायका रोज ही छोटी गोळी घेतात. ती आपल्याच चरबीत चाललेलं काम थांबवते, हे त्यांना समजावून सांगायला हवं. कारण गाठ निघाल्यावर, सांधे दुखतात म्हणून ही गोळी अर्ध्यावर सोडणाऱ्या बायका डॉक्टरांना नेहमी भेटतात.

गोळीशिवाय काय करता येतं, याचंही मोजलेलं उत्तर आहे. अमेरिकेत पाळी गेलेल्या ४३९ वजनदार स्त्रियांवर वर्षभर एक प्रयोग झाला, त्याचे निकाल २०१२ मध्ये आले. ज्या गटानं आहार आणि व्यायाम दोन्ही सांभाळले, त्यांचं वजन सुमारे दहा टक्के घटलं. त्यांच्या रक्तातलं इस्ट्राडिओल, म्हणजे इस्ट्रोजेनचं सर्वांत प्रभावी रूप, सुमारे २० टक्क्यांनी उतरलं आणि इस्ट्रोजेनला धरून ठेवणारं प्रथिन सुमारे २६ टक्क्यांनी वाढलं. म्हणजे ७० किलोच्या बाईनं सात किलो कमी केले, तर तिच्या चरबीचं वागणं रक्तात दिसेल एवढं बदलतं.

भिवंडीत हे सांगणं सोपं, करणं अवघड. कामाच्या बारा-बारा तासांच्या पाळ्या, दाटीवाटीची घरं, मोकळा पदपथ दुर्मिळ. कामतघरच्या वऱ्हाळादेवी तलावाचा काठ ज्यांना जवळ आहे त्या भाग्यवान. बायकांना निर्धास्त चालता येईल अशी जागा देणं हे महानगरपालिकेचं आरोग्याचंच काम आहे. ठाण्याहून कल्याणकडे जाणाऱ्या मेट्रोचा पहिला टप्पा धामणकर नाक्यापर्यंत आखला आहे. स्थानकाभोवती पदपथ आणि झाडं ठेवायची की पुन्हा रिक्षा आणि टेम्पोंची गर्दी होऊ द्यायची, हे ठरवण्याची वेळ आत्ताच आहे.

मोजणं मात्र आजच करता येतं. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध, सहज श्वास सोडून, फीत न आवळता घेर मोजायचा. भारतीय स्त्रीसाठी ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, आणि पुरुषासाठी ९० सेंटिमीटर ही सावधगिरीची रेषा आहे. बॉडी मास इंडेक्सही आपल्याकडे २५ नव्हे, २३ पासूनच जास्त समजतात.

आणि तपासणी टाळू नये. टाटा मेमोरियलनं मुंबईत १९९८ मध्ये सुरू केलेल्या आणि २० वर्षं चाललेल्या अभ्यासात ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजार ५३८ स्त्रिया होत्या. त्यांतल्या निम्म्या गटाची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातांनी स्तनतपासणी केली. मॅमोग्राफीचं यंत्र लागलं नाही. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीखालच्या बायकांत तसा फरक दिसला नाही. पाळी गेल्यावर ज्या वयात चरबीचं इस्ट्रोजेन हेच मुख्य इस्ट्रोजेन उरतं, त्याच वयात हाताच्या तपासणीनं जीव वाचले.

सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक स्त्रीची स्तनतपासणी दर पाच वर्षांनी व्हावी असं ठरलेलं आहे, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कर्करोगाचे अनेक उपचार मोफत होतात. भिवंडीतल्या बायकांनी जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयात जाऊन ही तपासणी मागून घ्यावी. गाठ दुखत नाही म्हणून थांबू नये. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं, एक डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावं.